फाइल म्हणजे कानस

मैत्रिणी मला नेहमी विचारतात, "तुझ्याकडे एवढे किस्से येतात कुठून गं? आम्हीही नोकऱ्या केल्या की!"

खरं सांगू का, किस्से मी गोळा करत नाही. पनवेलच्या एका हायस्कूलच्या टेक्निकल विभागात मी गेली बावीस वर्षं शिकवतेय. आठवी ते दहावीची मुलंमुली, पत्र्याची एक लांब शेड. एका टोकाला लोखंडाचं काम, मध्ये सुतारकाम आणि दुसऱ्या टोकाला माझं वायरिंगचं टेबल. लोखंड घासलं की बारीक कीस पडतो. रोज संध्याकाळी आम्ही तो झाडून काढतो, तरी तो घरी येतोच. पर्समध्ये येतो, चपलेत येतो, एकदा तर पोळीच्या डब्यात निघाला! किश्शांचंही तसंच आहे. कितीही झाडा, थोडे अंगाला चिकटून घरी येतातच.

त्यातले हे थोडे.

\* \* \*

नोकरीचा पहिला दिवस. माझा डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा. कडक इस्त्रीचा ड्रेस घालून मी शेडमध्ये शिरले. समोर साळवी सर. फिटिंग आणि सुतारकाम दोन्ही त्यांच्याकडे. बुटकी मूर्ती, खाकी एप्रन, कानावर पेन्सिल आणि बोलणं अगदी मोजून मापून.

मी नमस्कार केला. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "आधी फाइल घ्या हातात."

"हो सर," म्हणत मी पर्समधून सर्टिफिकेटांची फाइल काढली आणि अदबीने त्यांच्यापुढे धरली.

सर त्या फाइलकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतीवरची हातभर लांब कानस काढली आणि माझ्या हातात ठेवली. "आमच्याकडे फाइल म्हणजे ही. ती तुमची वर ऑफिसात द्या."

मागे मुलं फिस्सकन हसली.

"पण सर, मी वायरिंग शिकवायला आलेय."

"शिकवा की! पण या शेडमध्ये जो शिकवतो त्याने आधी एक पट्टी काटकोनात घासायची. मीही घासली होती."

मग काय, लागले घासायला. मुलांच्या शेजारी उभी राहून, तळहाताला फोड येईपर्यंत. तिसऱ्या दिवशी पट्टी सरांकडे नेली. त्यांनी तिच्यावर काटकोन तपासायचा गुण्या ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या दिशेने धरलं. पट्टी आणि गुण्या यांच्यामध्ये जराशी जरी फट असेल तरी मधून उजेड दिसतो. फट नसेल तर काळोख. काळोख म्हणजे पास!

सर बराच वेळ एक डोळा मिटून बघत होते. मग म्हणाले, "पाटणकर मॅडम, चांगलाच उजेड पाडलात!"

सहाव्या दिवशी काळोख झाला. आयुष्यात काळोख झाल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

\* \* \*

लॉकडाउनमध्ये आम्हाला सांगण्यात आलं, प्रॅक्टिकलसुद्धा ऑनलाइन घ्या. साळवी सर फोनवर मला म्हणाले, "मॅडम, पोहायला पण ऑनलाइन शिकवणार का हे?"

पण वर्ग घ्यायचा होता, घेतला. मुलांच्या घरी कानस कुठली असणार? सरांनी तोडगा काढला. प्रत्येकाने नारळाची करवंटी घ्यायची आणि पॉलिश पेपरवर, तो नसेल तर खडबडीत फरशीवर, तिची कड घासून सपाट करायची. मोबाइलच्या स्क्रीनवर चाळीस खिडक्या. निम्म्या अडकलेल्या, बाकीच्यांत कोणाचं कपाळ, कोणाचा पंखा.

सर वैतागले. "व्हिडिओ बंद करा सगळ्यांनी. एकेकाने माईक चालू करा आणि घासा. मी ऐकतो."

मला वाटलं, झालं, सरांचं डोकं फिरलं. पण स्क्रीनवर उरलेल्या एकमेव खिडकीत त्यांनी डोळे मिटले आणि ऐकायला लागले.

"रोहित, येताना दाब देऊ नकोस. जाताना दाब, येताना हलका."

"निकिता, तू मनगटाने घासतेयस. खांदा हलव."

मला राहवेना. मी निकिताला व्हिडिओ लावायला सांगितला. ती खरंच मांडी घालून नुसतं मनगट हलवत बसली होती!

तेवढ्यात एक आवाज आला. खर्र... खर्र... खर्र... अगदी एका लयीत. सर ताठ बसले. "हा कोण? वा! ना घाई, ना थांबणं. दाब बघा कसा एकसारखा! ऐका रे सगळ्यांनी, याला म्हणतात स्ट्रोक!"

अर्धं मिनिट चाळीस घरांमध्ये तो आवाज घुमत राहिला. मग एक भेदरलेला आवाज आला. "सर, मी ओंकार. सॉरी, माझा माईक चालू राहिला. ती आई खोबरं खवतेय."

सर लगेच म्हणाले, "आईंना विचार, शाळा उघडली की अर्धा तास वर्गावर येतील का म्हणून."

आणि शाळा उघडल्यावर त्या खरंच आल्या. विळी घेऊन!

\* \* \*

आमच्याकडे मंगळवारी आणि गुरुवारी रोहेकर काका येत. मुंबईतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेले. वय पंच्याहत्तरच्या पुढे, राहायला जुन्या पनवेलमध्ये. व्हर्नियर नावाच्या मोजपट्टीने केसाची जाडी मोजून दाखवायचे आणि मुलांना ती जादू वाटायची. मानधन घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "मुलगी इस्रायलला, नातवंडं तिकडेच. इथे तुमची चाळीस आहेत, पुरेत."

शनिवारी सकाळी आमचा सलग दोन तासांचा वर्ग असे. काकांनी शनिवारी यावं अशी साळवी सरांची फार इच्छा. काका दर वेळी हसून नाही म्हणत.

मुलांमध्ये चर्चा सुरू झाली. शेवटी आठवीतल्या चिन्मयने विचारलंच. "काका, शनिवारी लोखंड घेत नाहीत, म्हणून तुम्ही येत नाही ना? माझी आजी पण शनिवारी खिळासुद्धा आणू देत नाही."

काका खूप हसले. म्हणाले, "अरे, तुझी आजी फक्त लोखंड घेत नसेल. आम्ही ज्यू लोक शनिवारी कुठलंच काम हातात घेत नाही. माझे पणजोबा कोकणात तेलाचा घाणा चालवायचे. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा बंद. गावातले लोक आम्हाला शनवार तेलीच म्हणत. त्या दिवशी घरातल्या कोणी काम करायचं नाही. नोकराने नाही, बैलानेसुद्धा नाही."

चिन्मय विचारात पडला. मग शेडभर नजर फिरवून म्हणाला, "म्हणजे त्या काळी बैलाला पण सुट्टी होती, आणि आम्हाला आत्ता नाही!"

काका गेले त्याला आता तीन वर्षं होतील. गेले तेही गुरुवारीच. त्या शनिवारी चिन्मयचा वर्ग भरला, पण कोणी अवजाराला हात लावला नाही. साळवी सरांनीही लावा म्हटलं नाही.

\* \* \*

हा छोटासा आहे.

इन्स्पेक्शनला एक साहेब आले होते. शेडमध्ये बसले, चहा घेतला. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, अभिमानाने सांगितलं, "साहेब, इथलं सगळं फर्निचर मुलांनी केलेलं आहे बरं का!"

साहेब कपासकट उभे राहिले! एकदा खाली बघितलं, एकदा बाईंकडे बघितलं, आणि हळूच बाजूला सरकले.

साळवी सरांनी शांतपणे एक स्टूल पुढे केलं. "साहेब, यावर बसा. हे मुलांनी केलंय. तुम्ही मघापासून बसला होतात ती खुर्ची विकत आणलेली आहे. तिचा पाय डुगडुगतो, तेच सांगणार होतो मी."

\* \* \*

माझ्या टेबलावरचा मुलांचा सर्वांत आवडता प्रयोग म्हणजे टू-वे स्विच. जिन्यातला दिवा खालून लावायचा आणि वरून बंद करायचा. तो शिकवताना मी प्रत्येक वेळी बजावते, "घरच्या बोर्डला हात लावायचा नाही. लावलात तर माझ्याशी गाठ आहे." वीज शिकवणाऱ्याच्या मनात एक भीती कायम असते. आपण शिकवलेलं चाळीस घरांत जातं, आणि आपण तिथे नसतो.

एकदा रविवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "तुमी पाटनकर मॅडम का? शंतनूच्या शाळंतल्या?"

शंतनू नववीतला, हुशार आणि तितकाच उतावळा. "काय झालं? शंतनू बरा आहे ना?"

"तो बरा हाय. मी बरा नाय!"

फोन त्यांच्या सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनचा होता. हळूहळू उलगडा झाला. शंतनूच्या आजीचे गुडघे दुखतात. दाराजवळचं बटण बंद करायला तिला पलंगावरून उठावं लागायचं. शंतनूने कागदावर टू-वेचा डायग्राम काढला आणि वडिलांच्या मागे लागून इलेक्ट्रिशियनला बोलावून घेतलं. स्वतः कशालाही हात लावला नाही. नुसता स्टुलापाशी उभा राहिला.

"मग चांगलंच केलं की त्याने!" मी सुटकेचा श्वास टाकला.

"काय चांगलं मॅडम! पोरानं मला दोनदा वायर काढाया लावली. कनेक्शन बरोबर होतं, दिवा लागत होता. तरी म्हनतो, वायर वाकडी गेलीय, आमच्या मॅडम मार्क कापतात!"

\* \* \*

आता आर्यनचं सांगते. खांदा कॉलनीत आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये राहायचा. दर परीक्षेत पहिला. घरात ट्रॉफ्यांचं कपाट. सुतारकामात पहिलाच जॉब होता दोन लाकडं एकमेकांत बसवायचा. आर्यनने रेघ नीट आखली, पण करवत रेघेच्या चुकीच्या बाजूने चालवली. लाकूड आखूड झालं.

तो त्या तुकड्याकडे बघत उभा राहिला. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "सर, आता हे अनडू कसं करायचं?"

"लाकडाला अनडू नसतो," साळवी सर म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी आर्यन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. डोळे सुजलेले. "मॅडम, तो जेवत नाहीये. एक लाकडाचा तुकडा दप्तरात लपवून ठेवलाय. विचारलं तर म्हणतो, मी वाया घालवलं. असं काय झालं इथे?"

मी सरांकडे बघितलं. सरांचा चेहरा पडला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. म्हणाले, "चूक माझी आहे, ताई. मी अर्धंच बोललो. त्याला उद्या फक्त पाच मिनिटं पाठवा."

आर्यन आला. मान खाली. सरांनी आपल्या कपाटातला खालचा खण ओढला. तो खण मीही कधी उघडा बघितला नव्हता. आत लाकडाचे, लोखंडाचे पंचवीस-तीस तुकडे होते. तिरके कापलेले, जास्त घासलेले, भोक भलतीकडे पडलेले.

"हे कोणी केलं?" आर्यनने विचारलं.

"मी. प्रत्येक वर्षी एक तरी होतो. सगळ्यांत वाईट तेवढा ठेवतो."

आर्यन खाली बसला. एकेक तुकडा उचलून बघायला लागला. यात काय चुकलं, त्यात काय चुकलं, असं विचारत राहिला. सरही त्याच्या शेजारी फरशीवर बसले आणि सांगत राहिले. एकाबद्दल म्हणाले, "हा लग्नाच्या आदल्या आठवड्यातला. लक्ष नव्हतं." एकाबद्दल म्हणाले, "हा वडील गेले तेव्हाचा." पाच मिनिटांचा तास झाला.

मग आर्यनने दप्तर उघडलं, आपला आखूड तुकडा काढला आणि विचारलं, "सर, माझा पण ठेवाल यात?"

\* \* \*

ड्रिल मशीनजवळच्या भिंतीवर मी स्वतः लाल रंगाने लिहून घेतलंय, 'लोंबतं काहीही चालणार नाही. वेणी, ओढणी, बांगड्या, टाय. नियम मोडणाऱ्याने आठवडाभर शेड झाडायची.' बऱ्याच जणांनी झाडली. दहावीतली शिफा तर ईदच्या दुसऱ्या दिवशी हातभर बांगड्या घालून आली म्हणून तिने आठवडाभर झाडली होती. त्या वेळी रडली होती ती. मी ऐकलं नव्हतं.

एका सोमवारी सासूबाईंना दवाखान्यात सोडून मी धावतपळत शाळेत पोचले. एप्रन खुंटीवरच राहिला. एका मुलाचं ड्रिल अडकलं होतं. "थांब, मी दाखवते," म्हणत मी वाकले आणि माझी ओढणी मशीनने ओढली.

अर्धा सेकंद असेल. मला फक्त गळ्याला हिसका बसल्याचं आठवतं आणि शिफाची किंकाळी. ती लाल बटणाच्या सर्वांत जवळ उभी होती. तिने तळहात आपटला आणि मशीन थांबलं. ओढणी गळ्यापासून चार इंचांपर्यंत गुंडाळली गेली होती.

"मॅडम, हलू नका! अल्ला के वास्ते, हलू नका!"

साळवी सर धावत आले. त्यांनी पटाशीने कापड कापून मला मोकळं केलं. मला पाणी दिलं, ते निम्मं ड्रेसवर सांडलं. वर्ग सोडून दिला. सगळे गेले, शिफा मात्र दारात थांबली.

"मॅडम, एक विचारू? तो नियम... सगळ्यांसाठी आहे ना?"

ती मला टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी झाडू घेतला. मुलं दारात गर्दी करून उभी राहिली. कुठे बघावं त्यांना कळत नव्हतं. मोठ्या बाई तिकडून जाताना थबकल्या. "अहो पाटणकर, शिपाई कुठे गेला?"

"मी नियम मोडला, बाई."

बाईंनी भिंतीवरची लाल अक्षरं वाचली आणि पुढे गेल्या. दोन दिवस मी भरपूर कीस गोळा केला. तिसऱ्या दिवशी जरा कमी. चौथ्या दिवशी लक्षात आलं, मुलं जाता जाता आपापली जागा हाताने साफ करून जात होती. पुढचा मंगळवार उजाडला तेव्हा झाडायला काही उरलंच नव्हतं. तरी मी झाडू घेऊन उभी राहिले.

शिफा आली आणि तिने माझ्या हातातून झाडू काढून घेतला. "मॅडम, तुमचा आठवडा कालच संपला. हिशेबात पण कच्च्या आहात तुम्ही!"

त्या नियमाखाली कोणीतरी खडूने लिहिलंय, 'मॅडमसुद्धा.' मी ते अजून पुसलेलं नाही.

\* \* \*

आता शेवटचा. हा मी फारसा कोणाला सांगत नाही.

समिधा म्हात्रे जासईहून एसटीने यायची. दहावीत वर्षअखेरीला प्रत्येकाने आपल्या मनाने एक वस्तू करायची असते. बाकीचे मोबाइल स्टँड, चपलांचा रॅक असलं काहीतरी सांगत होते. समिधा म्हणाली, "मीठ ओढायचं फावडं."

साळवी सरांनी कानावरची पेन्सिल काढली. "माप?"

"नाय माहीत, सर."

तिच्या घरची मिठागरं होती. आजोबांचं सगळं आयुष्य त्यांत गेलं. पुढे जमिनी गेल्या, तिथे कंटेनरची गोदामं आली. वडिलांचे आता दोन ट्रेलर आहेत, इटालियन फरशीचं नवं घर आहे. मिठागरातली अवजारं कधीच पाणी तापवायला जाळून झाली. आजोबा दोन वर्षांपासून कोणाला ओळखत नव्हते. बोलणंही बंद झालं होतं. दिवसभर खिडकीशी बसून ट्रेलर बघायचे.

माप सांगणारं घरात कोणी नव्हतं. वडील म्हणाले, "आता काय करायचंय त्या फावड्याचं?" मग समिधा आजोबांसमोर जाऊन बसली. झाडूचा दांडा धरून मीठ ओढल्यासारखं करून दाखवलं आणि विचारलं, "आजोबा, केवढं असायचं?"

आजोबांनी तिच्याकडे बघितलं नाही. पण त्यांचे दोन्ही हात वर आले आणि हवेत अंतर धरून थांबले. समिधाने दप्तरातली टेप काढली आणि दोन हातांमधलं अंतर मोजलं. फळी केवढी, दांडा केवढा, तो त्यांनी कुठे धरायचा, सगळं असंच. लागोपाठ तीन दिवस तिने हे केलं आणि तिन्ही दिवसांची मापं लिहून आणली. त्यांच्यात बोटा-दोन बोटांचाच फरक होता.

एक मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर जॉब परत पाठवणाऱ्या साळवी सरांनी त्या कागदावर बोट फिरवत तिन्ही दिवसांचे आकडे वाचले. मग म्हणाले, "मधलं माप घे."

महिनाभर ती त्या फावड्यावर काम करत होती. रंधा मारून मारून दांडा असा केला की हात ठेवला तर घसरत जावा. सरांनी वीसपैकी अठरा दिले. ते कधी सोळाच्या वर जात नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी ती फावडं खांद्यावर टाकून एसटीत चढली तेव्हा कंडक्टरने विचारलं म्हणे, "ह्याचं तिकीट कोण काढनार?"

शनिवारी पहिली घंटा व्हायच्या आत ती शेडमध्ये धावत आली. फावडं खांद्यावरच. धापा टाकत होती, हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"सर! जॉब रिजेक्ट झाला!"

सरांनी चष्मा काढला. "कोणी केला?"

"आजोबांनी!"

मी तिला स्टुलावर बसवलं. पाणी दिलं. मग ती सांगायला लागली.

तिने फावडं आजोबांच्या हातात दिलं होतं. आधी त्यांनी दांड्यावरून नुसता तळवा फिरवला. मग उठून उभे राहिले. वडील आधार द्यायला धावले, तर त्यांचा हात बाजूला केला. फळी फरशीवर टेकवली, कमरेत वाकले आणि मागे मागे चालत ओढायला लागले. खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. मग वळून परत खिडकीशी गेले आणि पहिल्या ओढीच्या अगदी लगत दुसरी ओढ. मग तिसरी. आईने घाईघाईने टीपॉय उचलून बाजूला घेतला. वडील भिंतीला टेकून उभे होते. नुसता फळीचा आवाज.

"आणि मग थांबले," समिधा म्हणाली. "फावडं उभं धरलं. माझ्याकडे बघितलं, सर. माझ्याकडे! आणि बोलले."

"काय बोलले?"

"'कुनी केलाय? दांडा चार बोटं कमी हाय.'"

शेडमध्ये बाकीची मुलं येऊन उभी राहिली होती. सरांनी फावडं हातात घेतलं. दांड्याच्या टोकावर आपली चार बोटं आडवी ठेवून बघितली. मग समिधाचा हात घेतला आणि तिची चार बोटं ठेवून बघितली. दोन्ही मापं वेगळी आली.

"चार बोटं म्हणजे कोणाची? तुझी की त्यांची?"

"नाय विचारलं, सर."

"मग जा. मोजून आण."

समिधाने माझ्याकडे बघितलं. घंटा झाली होती, दहावीचा पहिला तास गणिताचा होता. मी गेटपासचं पुस्तक उघडलं. नाव लिहिलं, इयत्ता लिहिली. 'शाळेच्या वेळेत बाहेर जाण्याचं कारण' या रकान्यापाशी माझं पेन थोडा वेळ थांबलं.

मग मी लिहिलं, मोजमाप.